वायूतली धूळ आणि थेंब काढताना: मोजणीपासून हॉपरच्या तळापर्यंत

भट्टी, बॉयलर, ड्रायर, क्रशर, आम्लाचे टॉवर, गॅस कॉम्प्रेसरच्या आधीचे सेपरेटर, सगळीकडे प्रश्न एकच असतो. वायू हवा असतो आणि त्याच्याबरोबर आलेले घन कण किंवा द्रवाचे थेंब नको असतात. ते काढले नाहीत तर तिथं राबणाऱ्यांच्या फुप्फुसात जातात, पुढच्या यंत्राची पाती झिजवतात, उत्प्रेरकाचा थर बुजवतात, आणि पुष्कळदा विकाऊ मालच चिमणीवाटे निघून जातो.

या कामाची यंत्रं वेगवेगळी दिसली तरी प्रत्येकाला तीन गोष्टी कराव्या लागतात. कण वायूपासून सुटून कुठल्यातरी पृष्ठभागावर यायला हवा. तिथं तो टिकायला हवा. आणि मग यंत्राबाहेर पडायला हवा. कॅटलॉगमधला कार्यक्षमतेचा आकडा पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. चिमणीतून धूर किंवा थेंब दिसतात तेव्हा मात्र बिघाड बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत असतो: पकडलेली धूळ हॉपरमधून (यंत्राखालच्या, धूळ जमा होणाऱ्या निमुळत्या भांड्यातून) परत उडालेली असते, अडवलेलं पाणी खाली उतरायला वाट नसते. पुढच्या सगळ्या पायऱ्या वाचताना हे मनात ठेवा. कण पकडण्याइतकीच, किंबहुना जास्त, काळजी पकडलेला कण परत न जाऊ देण्याची घ्यावी लागते.

पायरी १: कण कसा तयार झाला ते शोधा

यंत्र निवडण्याआधी कणाची जन्मकथा माहीत हवी, कारण आकार तिच्यावरच ठरतो. दळणं, फोडणं, चाळणं, वाहून नेणं यातून निघालेली धूळ जाड असते. तिचा बराचसा भाग ५-१० मायक्रॉनच्या वरचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वाफ थंड होऊन किंवा वायूतल्या रासायनिक क्रियेतून बनलेले कण मात्र एका मायक्रॉनच्या आतबाहेर असतात. वितळलेल्या धातूवरचा धूर, डांबराचं धुकं, सल्फर ट्रायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांतून बनणारं सल्फ्युरिक आम्लाचं धुकं ही याची उदाहरणं.

थेंबांचंही तसंच. स्प्रे, उकळणारा द्रव किंवा टॉवरमधल्या प्लेटवरून उडालेले थेंब दहापासून काहीशे मायक्रॉनपर्यंत असतात. वायू थंड होताना हवेतच जमलेले थेंब एक-दोन मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान असतात. दोन्ही ‘मिस्ट’ म्हणूनच ओळखले जातात, पण त्यांचे उपाय अगदी निराळे आहेत.

आकाराला इतकं महत्त्व का? पाण्याइतक्या घनतेचा १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे २५ सेंटीमीटर खाली येतो. १० मायक्रॉनचा सेकंदाला फक्त ३ मिलिमीटर. १ मायक्रॉनचा तासाभरात जेमतेम १२-१३ सेंटीमीटर. मोठा कण जडत्वामुळे वळणावर वायूची साथ सोडतो, म्हणून त्याला आपटवून पकडता येतं. अगदी बारीक, ०.१ मायक्रॉनच्या खालचा कण वायूच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भटकतो आणि धाग्याला जाऊन चिकटतो. मधल्या, साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनच्या कणाकडे ना पुरेसं जडत्व, ना पुरेशी भटकंती. गाळणीतून सर्वात जास्त निसटतो तो हाच.

आकाराबरोबर आणखी काही गोष्टी विचारून घ्या: धूळ चिकट आहे का, हवेतला ओलावा शोषते का, घासून झिजवणारी आहे का, पेट घेते का. पीठ, साखर, कोळसा, लाकूड, ॲल्युमिनियम यांची बारीक धूळ हवेत पसरली की स्फोट होऊ शकतो. तिथं स्फोट-चाचणीचे आकडे हातात आल्याशिवाय यंत्राचं रेखाटनसुद्धा सुरू करू नका.

पायरी २: नीट मोजा

किमान एवढं हवं: प्रत्यक्ष तापमानाला असलेला वायूचा प्रवाह, तापमानाची खालची आणि वरची मर्यादा, दाब, ओलावा, दवबिंदू (ज्या तापमानाला वाफ द्रव होऊ लागते ते), धुळीचं प्रमाण, आणि आकारानुसार वाटणी. गंधकाचं इंधन असेल तर आम्लाचा दवबिंदू वेगळा काढा. तो साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअस इतका वर असू शकतो, त्यामुळे पाण्याच्या दवबिंदूवर विसंबून चालत नाही.

धुळीचा नमुना घेताना नळीच्या तोंडाशी ओढला जाणारा वेग डक्टमधल्या (वायू वाहून नेणाऱ्या नळातल्या) वेगाइतकाच ठेवावा लागतो. यालाच आयसोकायनेटिक नमुना म्हणतात. ओढ कमी पडली तर वायूचा काही भाग तोंडाला वळसा घालून जातो, पण जाड कण सरळ आत घुसतात आणि धूळ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ओढ जास्त झाली तर उलट, धूळ कमी दिसते. नमुन्याची जागा बेंड किंवा डँपरनंतर (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेनंतर) डक्टच्या आठ व्यासांवर आणि पुढच्या अडथळ्याच्या दोन व्यास आधी मिळाली तर उत्तम. इतकी सरळ लांबी क्वचितच मिळते. मग डक्टच्या छेदात जास्त बिंदूंवर मोजा. आकारवाटणीसाठी कॅस्केड इम्पॅक्टर (कणांचे आकारानुसार टप्प्याटप्प्यानं गट पाडणारं उपकरण) वापरा. हॉपरमधली धूळ प्रयोगशाळेत पाठवून काम भागत नाही, कारण ती फक्त पकडली गेलेली धूळ असते आणि आपल्याला चिंता निसटलेल्या धुळीची असते.

आता ज्या चुकीनं सर्वाधिक यंत्रं लहान पडतात ती पाहू. प्रवाहाचा आकडा ‘नॉर्मल घनमीटर’मध्ये, म्हणजे ० अंशाला आणि वातावरणाच्या दाबाला दिलेला असतो, यंत्रातून जातो तो गरम, फुगलेला वायू. ताशी १०,००० नॉर्मल घनमीटर वायू १५० अंशाला ताशी सुमारे १५,५०० घनमीटर होतो. कोरड्या आधारावर आकडा दिला असेल तर पाण्याच्या वाफेचं आकारमान त्यात वेगळं मिळवावं लागतं. समजा १५० मिलिमीटर व्यासाच्या, ३ मीटर लांबीच्या बॅगा (बॅग फिल्टरमधल्या कापडी पिशव्या, ज्यांतून वायू गाळला जातो) आहेत आणि कापडातून मिनिटाला १.१ मीटर वेग ठेवायचा आहे. खऱ्या प्रवाहाला १६६ बॅगा लागतील. नॉर्मल आकडा तसाच वापरला तर १०७ बॅगा पुरेशा वाटतील, आणि यंत्र सुरू झालं की कापडातला वेग १.७ मीटरवर जाईल. मग दाब चढत जाणार आणि बॅगा काही महिन्यांत फाटणार. कापडाला कितीही दोष दिला तरी ती चूक कागदावर झालेली असते.

पायरी ३: आधी निर्मिती कमी करा

स्वच्छ करायचा वायू जितका कमी, तितकं सगळंच स्वस्त. कन्व्हेयरवरून माल खाली पडण्याची उंची कमी करा, पडण्याची जागा बंदिस्त करा, भट्टीच्या दारांतून आणि फ्लँजमधून आत घुसणारी हवा थांबवा. थेंबांच्या बाबतीत टॉवरच्या किंवा सेपरेटरच्या तोंडाकडे पाहा. आत येणारा द्रव-वायूचा झोत थेट द्रवाच्या पृष्ठभागावर आदळत असेल तर तिथंच लाखो बारीक थेंब तयार होतात. तोंडाशी योग्य इनलेट वितरक बसवला की डेमिस्टरवरचा (थेंब अडवणाऱ्या भागावरचा) भार लक्षणीय कमी होतो. वायू एकदम थंड केल्यावरही दाट, बारीक धुकं बनतं. सावकाश थंड केला तर वाफ भिंतींवर आणि मोठ्या थेंबांवर जमते.

पायरी ४: किती काढायचं याचं गणित

आत १० ग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर धूळ आहे आणि बाहेर ५० मिलिग्रॅम चालते, तर ९९.५ टक्के कार्यक्षमता हवी. पण सरसकट टक्केवारी फसवी असते. एक सायक्लोन घ्या. धुळीच्या वजनाचा ६० टक्के भाग २० मायक्रॉनच्या वर, २५ टक्के ५ ते २० मधला, १५ टक्के ५ च्या खाली. सायक्लोन या तीन गटांतली अनुक्रमे ९८, ७५ आणि २५ टक्के धूळ पकडतो. एकूण कार्यक्षमता ८१.३ टक्के. १० ग्रॅममधले १.८७ ग्रॅम पुढे गेले, आणि त्यातले १.१२ ग्रॅम, म्हणजे ६० टक्के, ५ मायक्रॉनच्या खालचे. वजन कमी झालं, पण जी धूळ पुढे गेली ती मूळ धूळ राहिलीच नाही. दुसऱ्या टप्प्याचं यंत्र मूळ आकारवाटणीवर निवडणाऱ्यांना इथंच ठेच लागते. छातीत खोलवर जाणारा भागही हाच उरलेला असतो, म्हणून ‘ऐंशी टक्के पकडलं’ यात समाधान मानू नये.

पायरी ५: जाड धुळीसाठी सायक्लोन

सेटलिंग चेंबर म्हणजे डक्ट रुंद करून वायूचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या खाली आणणं. ५० मायक्रॉनच्या वरच्या कणांसाठी आणि ठिणग्या अडवण्यासाठी तो ठीक आहे.

सायक्लोनमध्ये वायू सेकंदाला १५ ते २० मीटर वेगानं स्पर्शरेषेत शिरतो, गोल फिरतो, कण भिंतीकडे फेकले जातात आणि शंकूवरून खाली सरकतात. साध्या सायक्लोनमध्ये ५ ते १० मायक्रॉनचे निम्मे कण पकडले जातात. लहान व्यासाच्या चांगल्या सायक्लोनमध्ये ही सीमा २-३ मायक्रॉनपर्यंत खाली येते. दाबघट, म्हणजे यंत्रातून जाताना वायूचा दाब जितका उतरतो तो, ५० ते १५० मिलिमीटर वॉटर कॉलम (पाण्याच्या तेवढ्या उंच स्तंभाचा दाब; पुढेही दाबघटीचे मिलिमीटर हेच). प्रवाह निम्मा झाला की दाबघट चौथाईवर येते आणि पकडीची सीमा सुमारे १.४ पट जाड होते. म्हणजे कमी भारावर सायक्लोन कमजोर पडतो. भार बदलता असेल तर दोन-तीन सायक्लोन समांतर ठेवा आणि गरजेप्रमाणे एखादा बंद करा.

सगळ्यात नाजूक जागा तळाशी. सायक्लोन फॅनच्या ओढीवर असतो, म्हणून तळाच्या रोटरी एअरलॉकमधून (धूळ खाली सोडणाऱ्या पण हवा अडवणाऱ्या फिरत्या पात्यांच्या झडपेतून) थोडीशी हवा वर शिरली तरी शंकूत जमलेली धूळ मधल्या भोवऱ्यात उचलली जाते आणि थेट वरच्या नळीतून बाहेर पडते. कार्यक्षमता एकाएकी कोसळली तर आधी एअरलॉकची पाती आणि तळाचं गॅस्केट तपासा. आतल्या भिंतीवर वेल्डची रेघ किंवा पॅचची कड राहिली असेल तर तीही धुळीला परत प्रवाहात उडवते.

पायरी ६: बॅग फिल्टर

कोरड्या, बारीक धुळीसाठी माझी पहिली पसंती बॅग फिल्टरला. भार बदलला, धुळीचं रसायन बदललं, तरी बाहेरचा आकडा फारसा हलत नाही. त्याला मारणाऱ्या गोष्टी म्हणजे ओलावा, तापमान, ठिणगी आणि चुकीचा वेग.

गाळण्याचं खरं काम कापड करत नाही, कापडावर जमलेला धुळीचा थर करतो. ठरावीक वेळेनं झोडपून बॅगा नव्यासारख्या चकचकीत ठेवायचा हट्ट म्हणूनच चूक आहे. प्रत्येक पल्सनंतर (बॅग झटकायला सोडलेल्या दाबाच्या हवेच्या झोतानंतर) थर गळतो, काही क्षण बारीक धूळ आरपार जाते आणि कापडही झिजतं. पल्सिंग दाबघटीवर चालवा: समजा १२० मिलिमीटरला सुरू, १०० ला बंद. पल्सची हवा कोरडी आणि तेलविरहित हवी, दाब साधारण ५ ते ७ बार, उघडझाप सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाची.

कापडातला वेग पल्स-जेटमध्ये मिनिटाला १ ते १.५ मीटरपर्यंत, उलट्या हवेच्या सफाईत त्याच्या निम्म्याहून कमी. धूळ जितकी बारीक आणि हलकी, तितका वेग खाली. दुसरा एक वेग मात्र बहुतेक जण विसरतात: बॅगांच्या मधून वर चढणाऱ्या वायूचा. तळातून वायू शिरतो तिथं तो सेकंदाला १ मीटरच्या आसपास किंवा त्याखाली ठेवा. जास्त झाला तर पल्सनं गळलेली धूळ हॉपरपर्यंत पोचतच नाही. अधांतरी राहून शेजारच्या बॅगेला चिकटते. बॅगा झोडपल्या जातात, दाब उतरत नाही, आणि लोक कापड बदलत बसतात.

कापडाची तापमान-मर्यादा पाळा. पॉलिप्रॉपिलीन सुमारे ९० अंश, पॉलिएस्टर १३०, पीपीएस १९०, अरामिड २००, काचेचा धागा आणि पीटीएफई २६०. पॉलिएस्टर गरम ओलाव्यात कुजतं, त्यामुळे दमट वायूत १३० हा आकडाही भरवशाचा नाही. खालची मर्यादा दवबिंदूची: वायू त्याच्या १५-२० अंश वर राहायला हवा, आणि तेसुद्धा सगळ्यात थंड कोपऱ्यात, दाराच्या चौकटीजवळ. इन्सुलेशन कुठं फाटलंय ते म्हणूनच पाहायचं.

नव्या बॅगांवर पहिल्यांदा चुनखडीच्या किंवा हायड्रेटेड चुन्याच्या पुडीचा थर द्या आणि मगच खरा वायू सोडा. बॅग गळते कुठं ते शोधायला फ्लुरोसंट पावडर वापरा: कापडाच्या दर चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम आत सोडायची, फॅन थांबवून वरच्या स्वच्छ कप्प्यात अतिनील दिव्यानं पाहायचं. फाटलेली बॅग, सैल बसलेली कॉलर, ट्यूबशीटच्या (बॅगा ज्यात अडकवतात त्या पत्र्याच्या) वेल्डची चीर, सगळं उजळून दिसतं.

पेट घेणारी धूळ असेल तर बॅगा आणि केज (बॅगेच्या आतला तारेचा सांगाडा) अर्थ केलेल्या, म्हणजे विजेच्या वाटेनं जमिनीशी जोडलेल्या हव्यात, स्फोट-झडप माणसांच्या वाटेपासून दूर उघडणारी हवी, आणि सेटलिंग चेंबर किंवा ठिणगी-अडवणी आधी असायला हवी. यात काटकसर करू नका.

पायरी ७: ईएसपी कधी

प्रवाह प्रचंड, तापमान जास्त आणि दाबघट परवडत नसेल तर इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे ईएसपी: कणांना विद्युतभार देऊन प्लेटांवर ओढणारं यंत्र. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी याचं पेटंट १९०८ मध्ये मिळवलं, आणि सुरुवातीचं काम सल्फ्युरिक आम्लाच्या धुक्यावर होतं. तारांवर काही दशहजार व्होल्ट, वायूचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास, दाबघट फक्त १०-२५ मिलिमीटर.

इथलं गणित कडक आहे. ९० टक्के पकडायला जेवढं प्लेटचं क्षेत्रफळ लागतं, ९९ ला त्याच्या दुप्पट आणि ९९.९ ला तिप्पट लागतं. तेही सगळे कण सारखे धरून. प्रत्यक्षात उरणारा कण बारीक आणि हट्टी असतो, म्हणून आणखी जास्त.

धुळीची रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) १० चा चौथा ते दहावा घात ओहम-सेंटीमीटर या पट्ट्यात असली की ईएसपी समाधानानं चालतो. त्याच्या फार वर गेली तर प्लेटवरचा थर विद्युतभार सोडत नाही, थरातच उलटा कोरोना (विजेचा विसर्ग) सुरू होतो आणि पकड ढासळते. ओलावा वाढवणं, तापमान बदलणं, किंचित सल्फर ट्रायऑक्साइड सोडणं हे त्यावरचे उपाय. फार खाली गेली, जसं न जळलेल्या कार्बनचं होतं, तर कण प्लेटला टेकताच भार गमावतो आणि पुन्हा प्रवाहात उडतो. रॅपिंगचंही (प्लेट ठोकून धूळ पाडण्याचंही) तसंच: दर मिनिटाला ठोकलं तर पातळ थर भुकटी होऊन उधळतो. थर थोडा जाड होऊ द्या, म्हणजे तो पापुद्र्यासारखा सरळ हॉपरमध्ये पडतो. शेवटच्या फील्डमध्ये (प्लेटांच्या शेवटच्या गटात) धूळ कमी जमते, तिथं दोन ठोक्यांमधलं अंतर सर्वात जास्त ठेवा. आणि वायूत कार्बन मोनॉक्साइड वाढला की पुरवठा आपोआप बंद झालाच पाहिजे. आत ठिणग्या उडतच असतात.

पायरी ८: ओला मार्ग

चिकट, ओली किंवा पेट घेणारी धूळ असेल, किंवा विद्राव्य वायूही त्याच वेळी काढायचे असतील, तर स्क्रबर, म्हणजे वायू पाण्यानं धुणारं यंत्र. साधा स्प्रे टॉवर १० मायक्रॉनच्या वरच्या कणांपुरता. बारीक कणांसाठी व्हेंचुरी (मध्येच अरुंद होणारी नळी): थ्रोटमध्ये, म्हणजे अरुंद भागात, सेकंदाला ६० ते १२० मीटर वेग, दर घनमीटर वायूला साधारण एक लिटर पाणी. व्हेंचुरीची पकड म्हणजे तिची दाबघट. एका मायक्रॉनच्या खाली जायचं तर १००० मिलिमीटरच्या वर जावं लागतं. त्याचं बिल फॅन भरतो. सेकंदाला १० घनमीटर वायू, फॅनची कार्यक्षमता ६५ टक्के: १५०० पास्कल (सुमारे १५० मिलिमीटर) दाबघटीला २३ किलोवॉट, १०,००० पास्कलला (सुमारे १००० मिलिमीटर) १५४ किलोवॉट, तेही अहोरात्र. निवड करताना खरेदीच्या किमतीपेक्षा हा आकडा आधी मांडा.

स्क्रबरच्या फिरत्या पाण्यात घन पदार्थ आणि क्षार साठत जातात. त्या पाण्याचे थेंब डेमिस्टरमधून निसटले की चिमणीत किंवा बाहेर सुकतात आणि प्रत्येक थेंब एक कण मागे ठेवतो. म्हणजे धूळ पकडणारं यंत्रच धूळ बनवू लागतं. ब्लोडाऊन (फिरत्या पाण्याचा थोडा भाग बाहेर सोडत राहणं) चालू ठेवा आणि पुढची पायरी गंभीरपणे घ्या.

पायरी ९: थेंब अडवणं

मोठ्या, गढूळ किंवा क्षार साचवणाऱ्या थेंबांसाठी नागमोडी पात्यांचा व्हेन पॅक: १०-२० मायक्रॉनपर्यंत चांगली पकड, बुजत नाही, धुता येतो. स्वच्छ द्रवाच्या ३ ते ५ मायक्रॉनपर्यंतच्या थेंबांसाठी विणलेल्या तारेचा मेश पॅड: जाडी १०० ते १५० मिलिमीटर, ९७-९८ टक्के पोकळी, दाबघट सहसा २५ मिलिमीटरच्या आत. एका मायक्रॉनच्या खालच्या धुक्यासाठी दाट धाग्यांचे कँडल फिल्टर, जिथं वायूचा वेग सेकंदाला ५ ते २० सेंटीमीटर इतका मंद असतो.

व्हेन आणि मेश यांचा वेग सौडर्स-ब्राऊन सूत्रानं काढतात. द्रवाच्या घनतेतून वायूची घनता वजा करा, उत्तराला वायूच्या घनतेनं भागा, वर्गमूळ घ्या आणि त्याला गुणांक लावा. वायू खालून वर जात असेल तर मेश पॅडसाठी गुणांक सेकंदाला साधारण ०.१०७ मीटर. हवा-पाण्यासाठी वातावरणाच्या दाबाला उत्तर येतं सेकंदाला ३.१ मीटर, रचनेसाठी त्याच्या ७५-८० टक्के, म्हणजे २.४ मीटर घ्या. दाब वाढून हवेची घनता दहापट झाली की हीच मर्यादा सेकंदाला सुमारे ०.९७ मीटरवर उतरते. उच्च दाबाच्या सेपरेटरमध्ये जुना पॅड ‘अचानक’ पाणी सोडू लागतो त्यामागे पुष्कळदा घनतेतला असाच बदल असतो.

मर्यादेच्या वर गेलं की पॅडमध्ये थांबलेला द्रव खाली उतरू शकत नाही. पॅड भरतो आणि वरच्या बाजूनं मोठे थेंब उडू लागतात. फार खाली, सुमारे ३० टक्क्यांच्या आत, गेलं तर थेंब वळसा घालून निघून जातात. कँडल फिल्टरचं वागणं याच्या उलट: तिथं कण भटकत धाग्यापर्यंत जातो, म्हणून वेग कमी केला की पकड सुधारते. बदलत्या भारावर आम्लाचं धुकं काढायचं असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

पॅड बसवताना वरखाली जाळीचे आधार घट्ट बांधा. दाबाच्या एका झटक्यानं पॅड उचलला गेला की कडेनं वायू मोकळा वाहतो. वायू बाहेर जाण्याचं तोंड पॅडच्या फार जवळ नको, नाहीतर मधल्या भागातच सगळा वेग एकवटतो.

आता निचरा. व्हेन पॅक आणि कँडल फिल्टरमधून उतरणारा द्रव यू-सीलमधून (यू आकाराच्या, द्रव भरलेल्या नळीतून) खाली जातो. फिल्टरवरची दाबघट २०० मिलिमीटर असेल तर सीलची उंची तिच्यापेक्षा स्पष्ट जास्त, ३५०-४०० मिलिमीटर ठेवा, आणि सुरू करण्याआधी सील भरून घ्या. सील उथळ किंवा कोरडा असला तर वायू निचऱ्याच्या नळीतूनच वर येतो, द्रव उलटा ढकलतो आणि स्वच्छ बाजूला थेंब उडवतो. फिल्टर बदलून हा दोष जात नाही.

पायरी १०: डक्ट, फॅन आणि हॉपर

धुळीच्या डक्टमध्ये वेग सेकंदाला १५ ते २० मीटर. कमी असला तर धूळ बसते, जास्त असला तर बेंड झिजतात. फॅन शक्यतो फिल्टरनंतर ठेवा. त्याची पाती वाचतात आणि गळती झालीच तर ती आतल्या बाजूला होते.

हॉपर साठवणीसाठी नसतो. धूळ येईल तशी काढत राहा, वरच्या पातळीचा स्विच लावा आणि त्याच्या अलार्मकडे दुर्लक्ष करू नका. भिंतींचा उतार किमान ६० अंश, कोपऱ्यातल्या घडीचा उतार त्याहून कमी भरतो हे लक्षात घेऊन. तळाचं तोंड बंद असताना व्हायब्रेटर चालवला तर धूळ आणखी घट्ट बसते. हॉपरवर हातोडीच्या खुणा वाढत असतील तर त्या रचनेविरुद्धची तक्रार समजा. गरम राख आतून पाण्यासारखी वाहू शकते; तळाचं दार उघडताना समोर कुणीही उभं राहू नये. आत उतरायचं तर वीज तोडून, कुलूप लावून, ईएसपी अर्थ करून, प्राणवायू मोजून, आणि बाहेर माणूस ठेवूनच.

पायरी ११: सुरू करणं, बंद करणं, रोज पाहणं

सुरू करताना आधी स्वच्छ गरम हवेनं यंत्र दवबिंदूच्या वर न्या, मग धुळीचा वायू सोडा. बंद करताना वायू थांबल्यावरही फॅन थोडा वेळ चालू ठेवा, ओलसर वायू हाकलून द्या, काही सफाई-फेऱ्या होऊ द्या आणि हॉपर रिकामा करा. बरीचशी गंज आणि चिकटलेल्या बॅगा सुट्टीच्या दिवसातल्या असतात.

दाबघट रोज एकाच भाराला नोंदवा. सावकाश चढत असेल तर कापड बुजतंय किंवा सफाई कमी पडतेय. एकाएकी उतरली तर बॅग फाटली, पॅड सरकला किंवा स्प्रे बंद पडला. आकडा दिवसेंदिवस हलतच नसेल तर मापकाची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक पल्सबरोबर चिमणीतून छोटा लोट दिसत असेल तर कुठल्या ओळीच्या पल्सला तो येतो ते पाहा. गळकी बॅग त्याच ओळीत सापडते.

चिमणीच्या पांढऱ्या ढगाकडे नीट पाहायला शिका. पाण्याची वाफ थोड्या अंतरावर विरून जाते. वाफ विरल्यावरही निळसर पट्टा लांबवर टिकत असेल तर ते एका मायक्रॉनच्या खालचं धुकं आहे, आणि ते मेश पॅड वाढवून जाणार नाही.

शेवटची तपासणी तराजूची. ताशी १०,००० नॉर्मल घनमीटर वायूत १० ग्रॅम धूळ म्हणजे ताशी १०० किलो. ९९.५ टक्के पकड असेल तर हॉपरखाली तासाला ९९-१०० किलो यायला हवी, आठ तासांच्या पाळीत जवळपास ८०० किलो. पाळीभर जमा झालेली धूळ प्रत्यक्ष वजन करा. ६०० किलोच भरली आणि चिमणी स्वच्छ दिसत असेल, तर उरलेली धूळ डक्टच्या तळाशी, हॉपरच्या भिंतींवर किंवा बॅगांच्या मध्ये साठते आहे. त्या वजनानं डक्टचे आधार वाकण्याआधी, पुढच्याच थांब्यात तपासणीची दारं उघडून ती जागा शोधा.